ब्रॉम्प्टनवाले खरं बोलतात, पण कशाबद्दल?

मागच्या लेखात आपण प्रश्नावली कशी तयार करायची ते पाहिलं. त्यानंतर काही जणांनी एकच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारला: लोकांची मतं हा संशोधनात पुरावा धरायचा की नाही? विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांचं उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. मत म्हणजे मत, मोजमाप म्हणजे मोजमाप, दोन्हींची गल्लत नको. पहिल्या वर्षी मीही हेच म्हणाले असते. पण मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. मी एक जुनी सायकल विकत घेतली, आणि माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण मला पुन्हा लिहावं लागलं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध आहे. आधी सायकलचं सांगते.

मी लंडनच्या बाहेर राहते आणि रोज रेल्वेने विद्यापीठात येते. इथे गर्दीच्या वेळी बऱ्याच गाड्यांमध्ये पूर्ण आकाराची सायकल चढवू देत नाहीत, घडी केलेली मात्र चालते. म्हणून घडीची सायकल घ्यायची ठरवली, आणि या शहरात घडीची सायकल म्हटलं की दहातले बरेच जण एकच नाव घेतात: ब्रॉम्प्टन. अँड्र्यू रिची नावाच्या इंजिनिअरने 1970 च्या दशकाच्या मध्यात साउथ केन्सिंग्टनमधल्या आपल्या राहत्या फ्लॅटमध्ये तिचा पहिला नमुना बनवला. खिडकीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसायचं, त्यावरून नाव पडलं. त्याने ही कल्पना रॅलेसारख्या मोठ्या कंपनीकडे नेली होती, तिने नाकारली. नियमित मोठं उत्पादन सुरू व्हायला 1988 उजाडलं. आज कारखाना पश्चिम लंडनच्या ग्रीनफर्डमध्ये आहे.

नव्या सायकलची किंमत माझ्या विद्यावेतनाला झेपणारी नव्हती. जुनी घ्यायची म्हटलं तरी रक्कम लहान नव्हती. त्यामुळे संशोधक करतो तेच केलं, आधी माहिती गोळा केली. फलाटावर, लिफ्टपाशी, विद्यापीठाच्या सायकलतळावर जो ब्रॉम्प्टनवाला भेटेल त्याला गाठून विचारलं, कशी आहे? लोक आनंदाने बोलले. इतक्या आनंदाने, की दोन आठवड्यांतच मला संशय यायला लागला.

ऐकलं ते असं

सगळ्यांच्या बोलण्याचं सार काढलं तर पाच वाक्यं उरतात. घडी अफलातून आहे. सिग्नल सुटला की झटकन निघते, कारण चाकं लहान आणि हलकी. खड्डे जरा जास्त जाणवतात. हँडल चंचल आहे, कारण छोट्या चाकांना भोवऱ्यासारखा तोल धरता येत नाही. आणि महाग असली तरी आयुष्यभर टिकते.

याच्या जोडीला सांगलीहून बाबांचं मत आलं. बाबांकडे 28 इंची चाकांची काळी सायकल आहे, माझ्या जन्माच्या आधीपासूनची. ते म्हणाले, "अगं, एवढीशी चाकं! पेडल मारून मारून दमशील. आणि त्याला एवढे पैसे?"

आता या सहा मतांकडे नीट बघा. यातली काही फक्त निरीक्षणं आहेत: खड्डे जाणवतात, झटकन निघते. काहींना मात्र शेपटासारखं एक कारण चिकटलेलं आहे: चाकं लहान म्हणून, भोवऱ्यासारखा तोल नाही म्हणून. बोलताना माणूस दोन्ही एका दमात, एकाच खात्रीने सांगतो. ऐकणारा दोन्ही एकत्रच लिहून घेतो. माझ्या वहीतही तसंच लिहिलेलं होतं.

बाबांपासून सुरुवात

बाबांचं म्हणणं तपासायला सगळ्यात सोपं होतं, कारण त्यात मोजण्यासारखं काहीतरी आहे. व्हिडिओ कॉलवर त्यांना सायकलचे दाते मोजायला लावले. कुरकुर करत त्यांनी खडूने खूण करून मोजले: पुढे 44, मागे 18. चाकाचा घेर साधारण 2.2 मीटर. म्हणजे पेडलचा एक पूर्ण फेरा झाला की त्यांची सायकल 2.2 गुणिले 44 भागिले 18, म्हणजे सुमारे 5.4 मीटर पुढे जाते.

ब्रॉम्प्टनच्या चाकाचा घेर फक्त 1.32 मीटरच्या आसपास आहे. पण तीन गिअरच्या नेहमीच्या मॉडेलला पुढे 50 आणि मागे 13 दाते असतात. मधल्या गिअरमध्ये पेडलच्या एका फेऱ्यात ती सुमारे 5.1 मीटर जाते. बाबांपेक्षा एक फूट कमी, बस. तिसऱ्या गिअरला हेच अंतर तिसऱ्या हिश्शाने वाढतं, पावणेसात मीटरपर्यंत, म्हणजे बाबांच्याही पुढे. लहान चाकाची भरपाई दात्यांनी केलेली आहे.

मग बाबांचं मत निव्वळ चुकीचं का? तसंही नाही. चाक खरोखरच जास्त वेळा फिरतं. पाच किलोमीटरच्या रस्त्यात बाबांचं चाक सुमारे 2,270 वेळा फिरेल, ब्रॉम्प्टनचं सुमारे 3,800 वेळा. टायरचा प्रत्येक भाग तितक्या जास्त वेळा रस्त्याला घासतो. टायर लवकर झिजतं ही ब्रॉम्प्टनवाल्यांची तक्रार त्यामुळे पटण्यासारखी आहे. बाबांना चाकाचं बरोबर दिसलं, ते त्यांनी पायांना लावलं, आणि तिथे गणित चुकलं.

खड्डे आणि भोवरा

खड्ड्यांचं मत घ्या. रस्त्यात 20 सेंटिमीटर रुंदीचा, पुरेसा खोल खड्डा आहे असं समजा. चाक त्यात किती उतरेल? वर्तुळाच्या साध्या भूमितीने काढता येतं. सुमारे 35 सेंटिमीटर त्रिज्येचं मोठं चाक जवळपास 1.5 सेंटिमीटर खाली जाईल. 21 सेंटिमीटर त्रिज्येचं ब्रॉम्प्टनचं चाक 2.5 सेंटिमीटर. मागे रबराचा एक ठोकळा हिसका झेलायला बसवलेला असतो, पण पुढच्या चाकाला तसं काही नाही. म्हणजे इथे निरीक्षण बरोबर, आणि 'चाक लहान म्हणून' हे कारणही बरोबर. मत आहे म्हणून ते कमअस्सल ठरवायची घाई करू नका, हे मला सगळ्यात आधी इथे समजलं.

भोवऱ्याचं मत मात्र वेगळं निघालं. फिरतं चाक भोवऱ्यासारखा आपला आस टिकवून धरतं, म्हणून सायकल उभी राहते, हे आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत ऐकलेलं असतं. त्यावरूनच लोक पुढचा तर्क करतात: चाक लहान, म्हणून परिणाम कमी, म्हणून हँडल चंचल.

1970 मध्ये डेव्हिड जोन्स नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 'फिजिक्स टुडे' मासिकात एक लेख लिहिला. चालवताच येणार नाही अशी सायकल बनवायचा त्याने प्रयत्न केला होता. पुढच्या चाकाच्या शेजारी उलट दिशेने फिरणारं दुसरं चाक बसवून त्याने भोवऱ्याचा परिणाम रद्द केला. तरीही ती सायकल त्याला सहज चालवता आली. मग 2011 मध्ये 'सायन्स' नियतकालिकात कॉइमन, पापाडोपुलोस, रुइना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की भोवऱ्याचा परिणाम नसलेली, शिवाय हँडलच्या आसाच्या मागे पडणाऱ्या पुढच्या चाकाच्या टेकणीचाही आधार नसलेली सायकल ढकलून सोडली तर स्वतःच तोल सावरू शकते. तोल ही एकट्या चाकाची करामत नाही. वजन कुठे आहे, हँडलचा आस कसा झुकलेला आहे, सायकल कलली की हँडल किती वळतं, हे सगळं त्यात येतं.

म्हणजे हँडल चंचल नाही का? आहे. पहिल्या दिवशी मी स्टेशनबाहेरच्या रेलिंगला धडकता धडकता वाचले. निरीक्षण शंभर टक्के खरं. पण त्याला जोडलेलं कारण इतकं सरळ नाही. याच लोकांनी मला आणखी एक गोष्ट सांगितली होती, जिच्याकडे मी दुर्लक्ष केलं: पुढे बॅग लावली की सायकल जास्त स्थिर वाटते. ब्रॉम्प्टनची पुढची बॅग हँडलला नसते, फ्रेमला अडकवलेली असते. हँडल वळलं तरी बॅग वळत नाही. बॅग लावल्याने चाकं मोठी झाली नाहीत, तरी वागणूक बदलली. चाकाच्या आकाराव्यतिरिक्त दुसरं काहीतरी काम करतंय हा सुगावा मालकांनीच दिलेला होता. त्यांनी कारणासोबत सांगितलं नाही, म्हणून मी तो लिहूनही घेतला नाही.

झटकन निघते, पण कशामुळे?

सिग्नलवरून झटकन निघते, हे मला जवळजवळ प्रत्येकाने सांगितलं. कारण म्हणून हलकी चाकं. मी हिशेब मांडला. चाकाच्या कडेचं वजन वेग घेताना दुप्पट मोजावं लागतं, एकदा पुढे जाण्यासाठी आणि एकदा फिरण्यासाठी. गंमत म्हणजे या सूत्रात त्रिज्या उरतच नाही. चाक लहान असण्याचा फायदा एवढाच, की कडेला धातू आणि रबर कमी लागतं. समजा दोन्ही चाकं मिळून पाऊण किलो वाचलं. दुप्पट केलं तर दीड किलो. स्वार आणि सायकल मिळून वजन 85 किलो धरलं, तर फरक दोन टक्क्यांच्याही आत. सकाळी डब्यात एक पोळीभाजी जास्त असली की आपण 'आज सायकल जड निघाली' म्हणत नाही.

मग इतक्या जणांना एकच गोष्ट का जाणवते? उत्तर हबमध्ये सापडलं. तीन गिअरच्या या सायकलींच्या मागच्या हबच्या आत गिअर असतात. साध्या गिअरच्या सायकलला गिअर बदलायला पेडल फिरवत राहावं लागतं. हबचा गिअर उभ्या उभ्या बदलता येतो. तिसऱ्या गिअरमध्ये येऊन सिग्नलला थांबलात, अंगठ्याने पहिला टाकला, दिवा हिरवा झाला की निघालात. शेजारचा आपल्या जड गिअरमध्येच अडकलेला असतो.

मी एक आठवडा मुद्दाम प्रत्येक सिग्नलवरून तिसऱ्याच गिअरमध्ये निघाले. झटका गायब. चाकं तीच, हवा तीच, मी तीच. याला मी प्रयोग म्हणणार नाही. मला काय तपासतेय ते माहीत होतं, त्यामुळे माझे पाय आपोआप आळशी झाले असू शकतात. नीट करायचं तर नाणं उडवून गिअर ठरवायला हवा, ठरलेलं अंतर दुसऱ्या कुणीतरी मोजायला हवं, आणि वेळ घेणाऱ्याला गिअर माहीत नसायला हवा. पण कुठल्या दिशेने शोधायचं एवढं तरी मला त्या आठवड्याने सांगितलं.

टिकते म्हणजे काय, आणि कोण सांगतंय?

आयुष्यभर टिकते या मताला दोन वेगळ्या अडचणी आहेत. पहिली व्याख्येची. टायर, चेन, केबल, मागचा रबरी ठोकळा बदललेली सायकल टिकली म्हणायची का? स्टीलची फ्रेम टिकली एवढाच अर्थ असेल तर तसं म्हणायला हवं. कारण बिजागऱ्यांच्या पकडींसारखे बरेच भाग खास या सायकलचेच असतात, कोपऱ्यावरच्या दुकानातल्या साध्या भागांनी काम भागत नाही. टिकण्याचा खर्च त्यात धरायचा की नाही, हे आधी ठरवावं लागतं.

दुसरी अडचण माझ्या नमुन्याची. मी फलाटावर उभी राहून विचारत होते. फलाटावर ब्रॉम्प्टन घेऊन कोण भेटणार? ज्याची सायकल चालू आहे आणि ज्याला ती अजून आवडते, तोच. जिना चढताना बारा किलो उचलून ज्याची कंबर धरली आणि ज्याने ती विकून टाकली, तो माझ्या फलाटावर येणारच नाही. मी कितीही जणांना विचारलं असतं तरी तो सुटलाच असता. जागाच तशी निवडली होती.

त्यात पुन्हा पैसे मोजल्यानंतरची निष्ठा. मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी 1956 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात महिलांना घरगुती उपयोगाच्या काही वस्तूंना गुण द्यायला सांगितले, मग त्यांतल्या दोहोंपैकी एक भेट म्हणून निवडायला दिली, आणि नंतर पुन्हा गुण विचारले. निवडलेली वस्तू आता आधीपेक्षा चांगली वाटू लागली होती, सोडलेली आधीपेक्षा वाईट. निवड जितकी अटीतटीची, तितका हा बदल मोठा. घरगुती वस्तूच्या बाबतीत हे होत असेल, तर मोठी रक्कम घालून घेतलेल्या सायकलचं काय?

आता प्रबंधाचं ते प्रकरण

हे सगळं मी दुसऱ्यांबद्दल मजेत लिहीत होते, आणि माझ्या प्रयोगशाळेत मी तेच करत होते.

माझ्या मोजमापात रोज दुपारनंतर सिग्नल घसरायचा. मी दुसऱ्या वर्षाच्या प्रकरणात लिहिलं: दुपारी हवेतला दमटपणा वाढतो, त्यामुळे नमुन्यावर परिणाम होतो. वाक्य छान होतं. त्याच्यावर मी आणखी चार पानं उभी केली. हे यंत्र मी स्वतः जुळवलं होतं, त्यात माझे आठ महिने गेले होते, त्यामुळे यंत्राकडे बोट दाखवायचं मनातही आलं नाही.

आमच्या गटात अकोल्याचा एक सीनियर आहे, आम्ही त्याला दादाच म्हणतो. तो प्रकरण वाचून एवढंच म्हणाला, "हे दुपारी होतं, की तू दिवा लावल्यापासून पाच तासांनी होतं?"

मी रोज सकाळी नऊलाच दिवा लावायचे. त्यामुळे दोन्ही गोष्टी माझ्यासाठी एकच होत्या. दुसऱ्या दिवशी मुद्दाम दुपारी दोनला सुरू केलं. घसरण संध्याकाळी सातच्या सुमारास आली. दोष हवेचा नव्हता, माझ्या लाडक्या यंत्राचा होता. निरीक्षण पहिल्या दिवसापासून खरं होतं, त्याला मी चिकटवलेलं कारण खोटं होतं. चार पानं गेली, आणि जुन्या मोजमापांपैकी बरीच पुन्हा करावी लागली. त्या रात्री मी रडले, हेही लिहून ठेवते, कारण अशा गोष्टी कुणी सांगत नाही आणि मग आपल्यालाच वाटतं की फक्त आपलंच चुकतंय.

'चाकं लहान म्हणून झटकन निघते' आणि 'दमटपणामुळे सिग्नल घसरतो' ही दोन वाक्यं एकाच साच्यातली आहेत. जाणवलेलं खरं, म्हणून सांगितलेलं कारणही खरं, असं आपण धरून चालतो. ब्रॉम्प्टनवाल्यांवर मी टीका करतेय ती एवढीच. ते खोटं बोलत नाहीत. रोज त्या सायकलवर बसून त्यांना जे कळतं ते मला कुठल्याही सूत्रातून कळलं नसतं. घडी झाली की चेन दोन चाकांच्या मध्ये जाते, त्यामुळे गर्दीत शेजाऱ्याच्या पँटला वंगण लागत नाही, हे मला एका बाईंनी सांगितलं आणि ते रोज उपयोगी पडतं. पण सायकल तशी का वागते, हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्यासाठी मालक असणं पुरेसं नाही.

तुम्ही काय कराल

मुलाखती घेणार असाल किंवा स्वतःच्याच नोंदी वाचणार असाल, वहीच्या पानावर तीन रकाने आखा. पहिल्यात काय जाणवलं. दुसऱ्यात कुणाला, कुठे, कशासाठी वापरताना. तिसऱ्यात त्यांनी सांगितलेलं कारण. पहिला रकाना आदराने भरा, त्यातलं काही गाळू नका. तिसरा रकाना म्हणजे तपासायच्या गोष्टींची यादी, निष्कर्षांची नव्हे. आणि दुसरा रकाना रिकामा राहिला असेल तर परत जाऊन विचारा.

दुसऱ्या रकान्याचं महत्त्व मला सायकल विकणाऱ्या गृहस्थांकडून समजलं. माझ्या सगळ्या मुलाखतींमध्ये ब्रॉम्प्टन सोडणारे ते एकटेच. मी विचारलं, "का विकताय? काही बिघडलंय का?" ते म्हणाले, "काही नाही. घर बदललं. आता स्टेशन चालत पाच मिनिटांवर आहे." तोवर भेटलेल्या कुणीही मला आपल्या घरापासून स्टेशनचं अंतर सांगितलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. माझं घर स्टेशनपासून तीन किलोमीटर आहे. मी सायकल घेतली ती या एका उत्तरावर.

बाबांना अजून पटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाले, "दात्यांचा हिशेब बरोबर असेल तुझा, पण एकदा खरशिंगचा चढ चढून दाखव त्याच्यावर." मी दुसऱ्या रकान्यात नोंद केली आहे: कुठे वापरताना. पुढच्या सुट्टीत सायकल घेऊन येते म्हणाले.

पुढच्या लेखात पाहू की नमुना निवडताना 'जे भेटले नाहीत' त्यांच्यापर्यंत कसं पोहोचायचं. तोपर्यंत स्वतःच्या विषयातलं एखादं पक्कं वाटणारं वाक्य घ्या, त्यातला 'कारण' किंवा 'म्हणून' हा शब्द शोधा, आणि त्याच्या मागचा भाग कधी तपासलाय का ते बघा.